हा-हा, मातीचे बांध आणि ‘आपोआप’ उगवलेली इंग्रजी उद्यानं

ताशीव

इंग्लंडमधल्या कुठल्याही जुन्या कंट्री हाउसचा फोटो काढा. दगडी वाडा, समोर उतरत गेलेली हिरवळ, तिच्यावर मेंढ्या, खाली वळण घेऊन दिसेनासं होणारं तळं, पलीकडच्या टेकाडावर बीचच्या झाडांचा पुंजका. मध्ये कुंपण कुठेच नाही. बघणाऱ्याला वाटतं, जागा मुळातच देखणी होती, कोणीतरी येऊन घर तेवढं बांधलं. प्रत्यक्षात मेंढी सोडली तर त्यातलं सगळं बांधलेलं आहे, आणि मेंढीही हिशोबानेच सोडलेली.

इतिहासावर भरपूर लिहून झालंय, म्हणून तो थोडक्यात. अठराव्या शतकात चार्ल्स ब्रिजमन आणि विल्यम केंट या उद्यानकारांनी अशा ‘आपोआप’ उगवल्यासारख्या बागांची सुरुवात केली. मग लॅन्सलॉट ब्राउन आला. ‘तुमच्या जागेत केपेबिलिटी (सुधारणेला वाव) आहे’ असं प्रत्येक मालकाला सांगायचा, म्हणून ‘केपेबिलिटी’ हेच त्याचं नाव पडलं. 1741 मध्ये तो स्टोव्ह या इस्टेटीवर कामाला लागला आणि पुढे तिथला मुख्य माळी झाला, 1764 मध्ये हॅम्प्टन कोर्टचा राजमाळी, आणि 1783 मध्ये वारला. त्याच्यानंतर हम्फ्री रेप्टन. या धाग्यात मला बोलायचंय ते जमिनीखालच्या आणि पाण्याखालच्या कामाबद्दल. सुरुवात हा-हापासून.

हा-हा म्हणजे खाली दडवलेली भिंत. घराच्या बाजूने उभी भिंत, तिचा माथा हिरवळीच्या पातळीत. भिंतीच्या पायथ्याशी चर, आणि चराची पलीकडची बाजू गवताच्या उताराने हळूहळू कुरणाच्या पातळीला येते. गुरं उतारावरून खाली येतात, भिंतीशी अडतात आणि परत फिरतात. घरातून बघणाऱ्याला भिंतीचा दर्शनी भाग दिसूच शकत नाही, कारण तो त्याच्याकडे पाठ करून असतो. कंब्रियातल्या लेव्हन्स हॉलचा हा-हा 1690 च्या दशकातला, इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्यांपैकी एक.

आकडे घालून बघा. भिंत 1.5 मीटर उंच, चराची वरची रुंदी 6 मीटर, म्हणजे पलीकडचा उतार 1:4. दर धावत्या मीटरला 4.5 घनमीटर माती निघते, 100 मीटरला 450. ती लांब वाहून नेणं परवडत नाही, म्हणून घराच्या बाजूच्या हिरवळीखालीच पसरतात. आता दृष्टिरेषा. भिंतीच्या माथ्यापासून डोळा 2.6 मीटर उंच (जोतं 1 मीटर, उभा माणूस 1.6) आणि अंतर 100 मीटर असेल, तर पलीकडच्या उताराचा फक्त वरचा 14 सेंटीमीटर खोलीपर्यंतचा भाग दिसतो. तोही गवतच. वरच्या मजल्यावरून, डोळा 7.6 मीटरवर धरला, तर 35 सेंटीमीटर. अजून चालतं. पण तोच हा-हा घरापासून 25 मीटरवर आणला, तर वरच्या मजल्यावरून 82 सेंटीमीटर, म्हणजे निम्म्याहून जास्त चर उघडा पडतो.

दुसरी चूक याहून वाईट. चराची रेघ बघणाऱ्याच्या दिशेने गेली, की तो लांबच लांब खाचेसारखा दिसतो, मग खोली कितीही असो. म्हणून आखणी दृष्टिरेषेला आडवीच करायची. वळवायची झालीच तर झाडांच्या आड वळवायची.

कण्हेर

छान धागा. एक बाळबोध शंका. तिथे वर्षभर पाऊस भुरभुरत असतो. हा चर भरून तळं होत नाही का?

ताशीव

होतो, निचरा केला नाही तर. चराच्या तळाला लांबीच्या दिशेने उतार लागतो, आणि सखल टोकाला नाला किंवा जमिनीखालची मोरी. जुन्या कामात तळाशी दगडी किंवा विटांची झाकलेली गटारं सापडतात. ती तुंबली की तळ कायम ओला राहतो, गुरं तिथे चिखल तुडवतात, पायाची माती मऊ पडते आणि भिंत पुढे कलते.

जुनाबाड

भिंत पडण्याची कारणं नीट लिहायला हवीत, कारण दुरुस्तीत लोक नेमकं उलटं करतात.

हा-हाची भिंत ही मुळात माती रोखणारी भिंत आहे. तिच्या पाठीमागे हिरवळीची सगळी ओल येऊन थांबते. कोरड्या रचाईच्या दगडी भिंतीतून ती सांध्यांतून झिरपून जाते. चुन्यातल्या भिंतीत काही भोकांतून आणि काही खुद्द चुन्यातून. मग विसाव्या शतकात कोणीतरी येतो, दरजा सिमेंटने भरतो आणि भोकंही लिंपून टाकतो. भिंत दोन-चार वर्षं झकास दिसते. आत पाणी साठतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, विटांचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीला मधोमध पोट येतं. सिमेंटची दरज तशीच शाबूत, वीट मात्र मागे सरलेली, हे दृश्य दिसलं की निदान झालंच म्हणायचं.

पोट आलेली भिंत ढकलून सरळ होत नाही. उतरवावीच लागते.

पद्धत अशी. आधी फोटो आणि मोजमापं. माथ्याच्या दगडांना खडूने क्रमांक घालायचे आणि त्याच क्रमाने गवतावर मांडून ठेवायचे. एका वेळी 3-4 मीटरचाच तुकडा उतरवायचा, सगळी लांबी एकदम उघडी केली तर मागची माती पावसात खाली येते. पायाचा थर हलला नसेल तर त्याला हात लावू नका. नवी रचाई मागे किंचित झुकती ठेवायची, साधारण 12 ला 1. मसाला नैसर्गिक जल-चुन्याचा (पाण्यातही घट्ट होणारा चुना), 3.5 ताकदीचा, एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग खरबरीत वाळू. भिंतीमागे निदान 30 सेंटीमीटर जाडीचा स्वच्छ खडीचा थर. खोदलेली चिकणमाती परत मागे भरली तर सगळा खर्च पाण्यात. पाणी निघायला 75 मिलिमीटरची भोकं दर दीड-दोन मीटरवर, चराच्या तळापासून वीतभर वर, म्हणजे गाळाने बुजत नाहीत.

चुन्याचं काम एप्रिल ते सप्टेंबर. तापमान 5 अंशांच्या खाली जाणार असेल तर हात लावायचा नाही. काम झालं की ओल्या गोणपाटाने आठवडाभर झाकून ठेवायचं. ऊन लागून भराभर वाळला की चुना भुसभुशीत होतो, बोटाने खरवडला तरी निघतो.

आणि हो, भिंत संरक्षित यादीत असेल, किंवा वाड्याच्या आवारातली म्हणून वाड्याबरोबर संरक्षणात येत असेल, तर उतरवण्याआधी स्थानिक नियोजन खात्याची संमती लागते.

खटपट्या

+1. त्यात भर: ट्रॅक्टर आणि बसून चालवायचं गवतकापणी यंत्र माथ्याच्या दगडांपासून दीड मीटर लांब ठेवा. अठराव्या शतकातल्या भिंतीच्या हिशोबात दोन टनांचं चाक नव्हतं. कडेचं गवत हातानेच कापायचं.

हरणांबद्दलही लिहायला हवं. मेंढ्या आणि गाई दीड मीटरच्या भिंतीला थांबतात. फॅलो हरीण थांबेलच असं नाही. हरणांच्या पार्कात भिंत 1.8 मीटरपर्यंत न्यावी लागते, किंवा चराच्या तळाशी वेगळं कुंपण घालावं लागतं, तेही वरून दिसणार नाही इतकं खाली. चरात गाळ साठून तळ 30-40 सेंटीमीटर वर आला की भिंतीची उंची आपोआप कमी होते. ‘परवापर्यंत गुरं येत नव्हती, आता कशी येतात’ याचं उत्तर बहुतेक वेळा तिथे असतं. भिंत नाही, तळ तपासा.

पाझर

आता पाण्याकडे येतो. या उद्यानांतलं खरं अवघड काम ते.

ब्राउनची तळी नदीसारखी दिसतात, पण असतात ओढ्यावरचे मातीचे बांध. ब्लेनहाइमच्या महालाचा वास्तुकार व्हॅनब्रू याने तिथल्या ग्लाइम नावाच्या चिमुकल्या ओढ्यावर अवाढव्य पूल बांधून ठेवला होता. पुलाखालून पाण्याच्या दोन काड्या वाहायच्या आणि लोक हसायचे. ब्राउनने 1760 च्या दशकात खालच्या अंगाला बांध घालून पाणी इतकं चढवलं की पुलाच्या पोटातल्या तळच्या खोल्या बुडाल्या. पूल एकदम बरोबर मापाचा दिसायला लागला. पुलाला हातही न लावता पुलाची दुरुस्ती!

दिसण्याची युक्ती टोकांना असते. तळ्याचं टोक दिसलं की ते तळं, टोक दिसलं नाही की ती नदी. म्हणून वरचं टोक वळणाआड किंवा झाडीआड नेतात. खालचा बांध सरळ रेघेत न बांधता किंचित वाकवतात, वर मातीचे उंचवटे देऊन झाडं लावतात. स्टोअरहेडला हेन्री होअर या बँकरने स्टोअर नदी अडवून तळं केलं. तिथल्या काठावरून फिरताना आपण बांधावरून चाललोय हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

बांधाचा छेद आपल्याकडच्या माती धरणासारखाच. मध्ये घट्ट चिकणमातीचा गाभा, दोन्ही अंगांना साधी माती. पाटबंधारेवाले ज्याला हार्टिंग आणि केसिंग म्हणतात तेच. गाभ्याची माती ‘पडल’ करतात: 15 ते 20 सेंटीमीटरचा थर टाकायचा, पाणी मारायचं, फावड्याने उभे काप देऊन खालच्या थरात मिसळायचा, मग माणसांनी किंवा जनावरांनी तुडवायचा. ढेकूळ शिल्लक राहिलं की तिथून पाणी वाट काढतं. माती इतकी मळलेली हवी की हातात वळी करून वाकवली तर तुटत नाही. झाल्यावर ती एक दिवसही उघडी ठेवायची नाही. तळाला असं अस्तर करायचं असेल तर त्याच्यावर मातीचा किंवा खडीचा थर लागतो, नाहीतर गुरांचे खूर ते फोडतात.

काय बिघडतं:

बांधावरची झाडं. नंतरच्या पिढ्यांनी हौसेने लावलेला ओक वादळात उन्मळला तर मुळांबरोबर बांधाचा घास घेऊन जातो. तो कापला तर मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात, पाण्याला आयत्या. मोठं झाड असेल तर कापण्याआधी अभियंत्याला विचारा.

बिळं. बॅजर, ससे, आणि पाण्याच्या बाजूने अमेरिकन सिग्नल क्रेफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी). बॅजरला कायद्याचं संरक्षण आहे, परवान्याशिवाय बीळ बुजवता येत नाही.

सांडवा. ओंडका अडकला किंवा कोणी मासे जाऊ नयेत म्हणून जाळी लावली की पुराचं पाणी माथ्यावरून जातं. मातीचा बांध माथ्यावरून पाणी सोसत नाही, संपला विषय.

बांधाच्या पायथ्याशी ओल दिसली तर आधी रंग बघा. पाणी निर्मळ असेल तर मोजत राहा, दर आठवड्याला बादली लावून. गढूळ असेल तर आतली माती वाहतेय. त्याच दिवशी माणूस बोलवायचा.

नैसर्गिक जमिनीच्या पातळीच्या वर 25,000 घनमीटरहून जास्त पाणी अडवणारं तळं इंग्लंडमध्ये 1975 च्या कायद्याखाली नोंदवावं लागतं. त्याची वर्गवारी ‘जास्त धोक्याची’ असेल तर नेमलेला अभियंता निदान दहा वर्षांतून एकदा तपासणी करतो. अठराव्या शतकातल्या उमरावाची नौकाविहाराची हौस आज कायद्याने ‘जलाशय’ आहे.

कण्हेर

आणि गाळ काढताना? तळं रिकामं करूनच काढतात का?

पाझर

दोन्ही पद्धती आहेत. रिकामं करायचं तर हळू, रोज वीतभर उतरवत. एकदम पाणी सोडलं तर बांधाची आतली बाजू भिजलेली असते, समोरचा पाण्याचा आधार गेला की ती घसरते. मासे आधी हलवायचे. आणि उन्हाळ्यात तळ उघडा पडला तर चिकणमातीला भेगा जातात, म्हणजे गाळ काढायला गेलात आणि गळती घेऊन आलात.

दुसरा धोका यंत्राचा. खोदणाऱ्याला काळा गाळ आणि निळसर चिकणमाती यांतला फरक बादलीत आल्यावर कळतो, तोवर अस्तर फाटलेलं असतं. आधी लोखंडी सळईने दर 5 मीटरवर खोली मोजून नकाशा करायचा. सळई गाळातून लोण्यासारखी जाते, चिकणमातीला थांबते. त्या पातळीच्या वर निदान 30 सेंटीमीटर गाळ राहू द्यायचा. सगळा काढायचा हट्ट नको.

वडाची पारंबी

बांधकाम झालं, आता थोडं कडूही बोलू. ब्राउनचं कौतुक करताना त्याने काय पुसलं हेही सांगा. ब्लेनहाइमला वाड्यासमोरची आखीव बाग त्याने गवताखाली घातली. त्याच्या आधीच्या कितीतरी भूमितीय बागा अशाच गेल्या.

आणि डॉर्सेटमधलं मिल्टन ॲबस. लॉर्ड मिल्टनला घराच्या खिडकीतून गाव दिसत होतं, म्हणून अख्खं गाव हलवलं. आखणी ब्राउनची आणि वास्तुकार विल्यम चेंबर्सची. 1780 मध्ये नवं गाव उभं राहिलं: एका रस्त्याला दोन्ही बाजूंनी सारखी, गवताने शाकारलेली घरं, एकेका घरात दोन कुटुंबं. आज पर्यटक त्याचे फोटो काढतात, ‘किती गोड’ म्हणून. पुनर्वसन वसाहत आहे ती. आपल्याकडे धरणाखाली गावं गेली, तिथे शोभेसाठी गेली.

ताशीव

मान्य, पण एक दुरुस्ती. आखीव बागा बुजवण्याची लाट ब्राउनच्या आधीच सुरू झाली होती, आणि पैसा हेही कारण होतं. कातरलेल्या कुंपणांना आणि फुलांच्या ताटव्यांना वर्षभर माणसं लागतात. मेंढ्या कापतात ते गवत फुकट, वर लोकर आणि मटण. गवतकापणी यंत्राचं पेटंट एडविन बडिंगने 1830 मध्ये घेतलं. तोवर घराजवळचा तुकडा लांब दांड्याच्या पात्याने पहाटे, दव असताना कापायचा, कारण सुकं गवत पात्यापुढे वाकतं, कापलं जात नाही. मालकाला सौंदर्यदृष्टी होती, पण हिशोबवहीही होती.

पुसलेलं सगळंच जातं असंही नाही. 2018 च्या कोरड्या उन्हाळ्यात चॅट्सवर्थ या वाड्याच्या दक्षिण हिरवळीवर 1699 च्या जुन्या बागेची सगळी नक्षी उमटली होती. जुन्या वाटांवर मातीचा थर पातळ, तिथलं गवत आधी करपतं.

खटपट्या

अवांतर: चॅट्सवर्थ निघालंच आहे तर केळ्याचं सांगायलाच हवं. तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने काचघरात बुटकी केळ वाढवली, 1830 च्या दशकात तिला फळ आलं, आणि मालक सहावा ड्यूक ऑफ डेव्हनशायर विल्यम कॅव्हेंडिश याच्या नावावरून तिला नाव मिळालं. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन, दोन्ही त्या कॅव्हेंडिश गटातल्या. रावेर-यावलकडच्या बागायतदाराच्या तोंडी एका इंग्रज ड्यूकचं घराणं रोज येतं.

त्याच पॅक्स्टनचं एम्परर कारंजं 1844 चं. नोंदलेली उंची 296 फूट, पंप एकही नाही. वर डोंगरावर 8 एकरांचं तळं खोदलं, फक्त उंचीच्या दाबावर पाणी उडतं. असल्या वाहिनीत व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला तर धावतं पाणी नळीलाच हातोड्यासारखा ठोका देतं, म्हणून तो हळूहळूच फिरवायचा.

कण्हेर

भारताशी संबंध केळ्यापुरताच का?

वडाची पारंबी

छे. सरेमधलं क्लेअरमॉन्ट प्लासीवाल्या क्लाइव्हने घेतलं, आणि तिथलं नवं घर ब्राउनने वास्तुकार हेन्री हॉलंडबरोबर बांधलं. ग्लॉस्टरशरमधलं सेझिनकोट तर उघडच: कंपनीत पैसा केलेल्या कॉकरेलचं घर, वर तांब्याचा कांद्यासारखा घुमट, बागेत सूर्याचं देऊळ आणि पुलावर नंदी. जुनी घरं आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 2020 मध्ये आपल्या मालमत्तांचा वसाहती आणि गुलामगिरीशी असलेला संबंध तपासला, तेव्हा 93 ठिकाणं निघाली. तिकडे त्यावर बराच गदारोळ झाला. मला गदारोळाचंच नवल वाटलं.

जुनाबाड

झाडांवर कोणीच लिहिलं नाही.

ब्राउनचे पुंजके म्हणजे पाच-दहा झाडं नेमकी टोचलेली नव्हेत. दाट लावायची, मध्ये लार्च किंवा स्कॉट्स पाइनसारखी भराभर वाढणारी ‘दाई’ झाडं, आणि भोवती गुरांपासून कुंपण. दाईच्या आडोशाने ओक-बीच सरळ वर जातात, मग दाई झाडं काढून टाकायची. पुढच्या मालकाने विरळणी केली नाही की सगळी झाडं काठीसारखी उंच, डोक्यावर पिसारा, आणि पहिल्या वाऱ्याला आडवी. 16 ऑक्टोबर 1987 च्या पहाटेच्या वादळात दक्षिण इंग्लंडमध्ये सुमारे दीड कोटी झाडं पडली. जमीन पावसाने भिजलेली होती आणि पानं अजून गळायची होती.

एल्म 1970 च्या दशकात रोगाने संपले. ॲशवरची मर 2012 मध्ये ब्रिटनमध्ये आढळली. मूळ यादीप्रमाणेच लावू हा हट्ट त्यामुळे टिकत नाही. एल्मच्या जागी लाइम (म्हणजे लिंडन, लिंबाचं झाड नव्हे) किंवा ओक लावतात, पण पुंजक्याचा बाह्याकार जुन्या नकाशाप्रमाणे ठेवतात.

कुरणात एकटं झाड लावायचं तर संरक्षक चौकट 1.8 मीटर उंच, आणि झाडापासून निदान 90 सेंटीमीटर लांब. गाय मान लांब करते हे कागदावर आखणारा विसरतो. खुंट भक्कम हवेत, कारण गुरं अंग घासायला तेच निवडतात. बुंध्याभोवती मीटरभर गवत काढून पालापाचोळ्याचं आच्छादन, पण ते सालीला टेकवायचं नाही. जुन्या ओकाखाली नांगर किंवा गाडी नको, माती दाबली गेली की शेंड्यापासून वाळायला लागतो. तो वाळलेला शेंडा म्हणजे मरण नव्हे. ओक शेंडा सोडून देतो आणि खाली आणखी शे-दोनशे वर्षं जगतो. ‘धोकादायक’ म्हणून घाईने तोडू नका.

पार्कातल्या झाडांची खालची पानं सगळीकडे एकाच उंचीवर कापल्यासारखी दिसतात ना? ती कात्री हरणांची आणि गुरांची. हरणं काढली की दहा वर्षांत फांद्या खाली येतात, आणि तळ्याकडचं दृश्य झाकून जातं.

कण्हेर

एप्रिलमध्ये तिकडे जाणं होणार आहे. दोनच ठिकाणं बघायची तर कुठली, आणि उभं कुठे राहायचं?

ताशीव

राउशम आणि ब्लेनहाइम. दोन्ही ऑक्सफर्डशरमध्ये, एका दिवसात होतात. राउशम केंटचं, फारसं बदललेलं नाही. 15 वर्षांखालच्या मुलांना आणि कुत्र्यांना प्रवेश नाही. तिथे आधी घराजवळून कुरणातल्या लांब शिंगांच्या गाई बघा, मग हा-हाच्या कडेपर्यंत चालत जा. शेवटच्या काही पावलांत चर उघडतो. ब्लेनहाइमला वुडस्टॉक गावाकडच्या कमानीतून आत शिरा, पूल आणि तळं एकदम समोर येतात. ते बघून झालं की गर्दी सोडून तळ्याच्या काठाने खालच्या टोकाला, ब्लॅडनच्या बाजूला जा. तिथे बांध आहे आणि धबधबा आहे.

पाझर

बांधाच्या पायथ्याशी ओल दिसली तर रंग बघून इथे कळवा.